मुका राउटर

बाबा गेले आणि महिन्याभरात त्यांनी बसवलेला राउटरही बंद पडला. नवा घ्यायला मी अकोल्यातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार साठीचा, किडकिडीत. काउंटरवरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तळहात ठेवूनच बोलत होता, जसा बैलाच्या पाठीवर ठेवतात. त्यात लिनक्स टाकून त्यानं स्वतःच त्याचा राउटर बनवला होता. मागेच त्याचं घर. दोन्हीकडे तोच चालायचा.

“बाजारातला डबा सोपा पडते, पण मुका असते,” तो म्हणाला. “हा सांगते, घरात कोन आलं, कोन गेलं.”

त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवला. मुलाचा फोन, सुनेचा फोन, टीव्ही. शेवटी बायकोचा फोन.

“हा रोज चार वाजता जोडल्या जाते. चहाच्या टायमाले. पाच मिनिटं रायते अन् जाते.”

“मंग?”

“तिचा फोन तिच्यासंगच सरणावर ठेवला होता आमी.”

मी त्याच्या चेहऱ्यावर हसू शोधलं. नव्हतं.

“मंग ब्लॉक काहून नाई करत?”

“एका ओळीचं काम हाये,” तो म्हणाला आणि की-बोर्ड हळूच बाजूला सरकवला.

मी बाजारातलाच घेतला. पिशवीत घालताना तो सहज बोलला, “वायफायचं नाव अन् पासवर्ड जुनाच ठेवजा. मंग जुने फोन आपोआप जोडल्या जाते.”

माझा राउटर काहीच सांगत नाही. तेच बरं. चार वाजता मी त्याच्या दिव्यांकडे बघतही नाही.

नाव-पासवर्ड मात्र बाबांचेच ठेवले आहेत.