अवसेचा भोंगा

आता हे कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला? पण सांगतोच. सुमन आत चहा टाकते आहे तोवर उरकून घेतो. ती बाहेर आली की मात्र विषय बदलायचा हं! कारण फजिती सगळी माझी असली, तरी त्यात बादली तिची आहे.

तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी अकोल्याला एका कचेरीत कारकून होतो. तात्पुरता कारकून. दर मार्च महिन्यात मला एकच घोर, की आता ठेवतात का काढतात? आणि इकडे आमच्या सौभाग्यवतींनी सगळ्या जठारपेठेत सांगून ठेवलेलं, ‘आमचे हे या मार्चात कायम होऊन राह्यले!’ शेजारणींनी तर पेढ्यांची चौकशीही सुरू केली होती.

अशात वरून हुकूम आला. एक समिती येणार. शहरात कोणते धंदे वाढवावे, कामगारांना कोणतं काम शिकवावं, तरुण पोरांना नोकऱ्या कशा मिळतील, हे लोकांनाच विचारणार. कल्पना चांगली होती, मी नाही म्हणत नाही. पण लोक जमवायचे कोणी? मी!

पहिली सभा अमरावतीला झाली, तिथंही मलाच पाठवलं. केवढा मोठा हॉल, आणि ऐकायला मोजून तिघं. त्यातला एक चांदूर बाजारच्या मोटारीची वाट पाहत होता, सावली बघून आत शिरलेला. समितीच्या मुंबईच्या साहेबांनी त्यालाच विचारलं, “आपल्या मते या शहरात सर्वांत आधी काय यायला हवं?”

तो म्हणाला, “मोटार येऊ द्या ना साहेब पह्यले!”

साहेब हसले नाहीत. परतताना जीपमध्ये बसता बसता मला म्हणाले, “तुमची कायम होण्याची फाईल माझ्याकडेच आहे, बरं का. अकोल्याचं मैदान भरलेलं दिसलं, तर सही करतो. नाही तर तुम्ही दुसरीकडे बघा.”

झालं! त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

आता अकोल्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. हे गाव कापसावर जगतं. गावाच्या कडेला एक मोठा जिन होता, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. त्याच्या समोर ऐसपैस मैदान. मी तेच मैदान मागून घेतलं. आणि दिवस कोणता धरला? अवसेचा! का? तर आमच्याकडे अवसेला गाडीवाले बैल जुंपत नाहीत. गाड्या नाहीत म्हणजे कापूस नाही, कापूस नाही म्हणजे जिन बंद. सगळे कामगार घरी मोकळे. आहे की नाही डोकं? आमच्या कचेरीतल्या वानखडे बडेबाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनीसुद्धा, माझी पाठ थोपटली होती.

सभा चारची होती. सकाळपासून दवंडी पिटवली, सतरंज्या अंथरल्या, व्यासपीठामागं कनात बांधली आणि कनातीच्या आड चहासाठी चूल मांडली. चार वाजले. साहेब आले, बसले. समोर कोण होतं? एक कुत्रं आणि वानखडे बडेबाबू.

मी बडेबाबूंना बाजूला घेतलं. “लोक कुठी गेले वो?”

“घरीच हायेत,” बडेबाबू म्हणाले. “लोक म्हणून राह्यले, नावं लिहून घेतीन अन् मंग टॅक्स लावतीन. कोणी उंबऱ्याबाहेर पाय टाकून नाही राह्यलं.”

साहेब घड्याळ बघत होते. साडेचार झाले. साहेब म्हणाले, “पाचपर्यंत थांबतो.” बस, एवढंच. पण त्या ‘पाचपर्यंत’मध्ये माझी नोकरी, सुमनचे पेढे आणि जठारपेठेतली आमची अब्रू, सगळं आलं होतं.

आणि मला सुचलं. पाच! रोज संध्याकाळी पाचला जिनाचा भोंगा वाजतो. भोंगा वाजला की हजार पावलं हलतात, ही इथली सवयच आहे. मग आजही वाजवू या की! भोंगा अवेळी वाजला तर लोक आग समजतात, हे मला पक्कं माहीत होतं, मी काही दुधखुळा नाही. कापसाच्या गावात आगीइतकी धास्ती कशाची नसते. पण मी तर बरोबर पाचच्या ठोक्याला वाजवणार होतो! वेळेवर वाजलेल्या भोंग्याला कोण घाबरतं?

धावत जिनाच्या फाटकावर गेलो. तिथले चौकीदार कासमभाई खाटेवर बसून सुपारी कातरत होते.

“कासमभाई, पाचले भोंगा वाजवा!”

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. “बाबूजी, आज अवस है. आज भोंगा नहीं बजता.”

“पण रोज पाचले वाजतो ना?”

“रोज बजता है. मगर आज रोज नहीं है ना! आज बजाया तो लोग समझेंगे के…”

“लोकायले समजलंच पायजे!” मी त्यांना बोलूच दिलं नाही. “तेच तं पायजे मले! सरकारचा हुकूम हाये. साहेब बसले तिकडं.”

कासमभाईंनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग म्हणाले, “हुकूम है तो बजाता हूं. जिम्मेदारी आपकी.”

“माही! सगळी माही! अन् जरा लांबवा, जठारपेठेपर्यंत गेला पायजे आवाज!”

आता तुम्हीच सांगा, याहून जास्त खड्डा कोणी स्वतःसाठी खणतो का?

मी परत व्यासपीठाजवळ येऊन उभा राहिलो. पाच वाजले आणि भोंगा सुरू झाला. रोज थोडा वाजून थांबणारा भोंगा थांबेचना. कासमभाई हुकूम तंतोतंत पाळत होते. साहेबांनी कानांवर हात ठेवले. मी छाती काढून उभा.

आणि लोक आले हो! आधी रस्त्याच्या टोकाला धूळ दिसली. मग डोकी दिसली. मग गल्लीगल्लीतून माणसंच माणसं! चालत नव्हती, पळत होती! माझे डोळे भरून आले. साहेब तर खुर्चीवरून उठलेच.

“काय हा उत्साह!” साहेब म्हणाले.

“अकोला आहे साहेब!” मी म्हणालो. मनातल्या मनात फाईलवर सही झालीसुद्धा.

साहेबांनी डोळे बारीक केले. “पण त्यांच्या हातात बादल्या का आहेत?”

मी बघितलं. खरंच की! बादल्या, घागरी, ओली पोती.

“पाण्याचा प्रश्न मांडायला आले असतील साहेब.”

“आणि ती शिडी?”

मी टाचा उंचावून शिडी बघतो आहे, तोवर साहेबांना पुढचं दिसलं.

“आणि कुऱ्हाडी? कुऱ्हाडी कशाला आहेत हो?”

मी साहेबांकडे वळलो, तर खुर्ची रिकामी! लोकांचं म्हणणं ऐकायला मुंबईहून आलेले साहेब कुठं गेले, ते मला दिसलंच नाही. बडेबाबू टेबलाखाली दिसले.

तेवढ्यात आगीच्या बंबाची घंटा ऐकू आली आणि लोंढा मैदानात शिरला. “कुठी हाये आग? कुठी हाये?” जो तो ओरडत होता. एकाच्या अर्ध्या तोंडावर दाढीचा साबण. एक बाई हातात लाटणं घेऊन आलेली. जिनात सरकी वेचायला जाणाऱ्या बायका तर रडत होत्या हो! जिन जळला तर उद्या चूल कशी पेटायची?

आता खरी गंमत ऐका. गंमत कसली, कपाळ माझं! इतके लोक आग आग म्हणून ओरडताहेत म्हटल्यावर मलाही वाटलं, कुठंतरी खरंच लागली! देवाशपथ सांगतो, भोंगा मी वाजवायला लावला, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं. मीच ओरडायला लागलो, “कुठी हाये? कुठी हाये आग?”

आणि गर्दीतून पदर खोचलेली, घामानं निथळणारी सुमन पुढं आली. जठारपेठेपासून भरलेली बादली घेऊन धावत आली होती बिचारी.

“अवो, उभे काहून राह्यले? धरा हे!” तिनं बादली माझ्या हातात कोंबली. “थो पाहा धूर! थ्या कनातीमांगं!”

मी वळलो. कनातीवरून काळाभोर धूर वर चढत होता! तिथं आपणच चूल मांडली आहे, हे आठवायला हवं होतं की नाही? आठवलं नाही. त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की साहेबांच्या सभेत आग लागली आहे आणि ती विझवायची संधी देवानं माझ्या हातात दिली आहे. आता तर सही नक्की!

धावत गेलो आणि सगळी ताकद लावून बादली कनातीवरून पलीकडे रिकामी केली.

आतून आवाज आला, “अरे!”

तो आवाज ओळखीचा होता.

कनात बाजूला झाली. साहेब बाहेर आले. डोक्यापासून बुटांपर्यंत भिजलेले. हातात कपबशी, कपात काठोकाठ पाणी. गर्दीला घाबरून ते चुलीपाशी जाऊन बसले होते आणि आचाऱ्यानं नुकताच त्यांना चहा दिला होता.

मैदान चिडीचूप झालं. भोंगाही नेमका तेव्हाच थांबला. आणि त्या शांततेत कासमभाई हळूहळू चालत आले.

“आग वाग कुछ नहीं है भाई,” ते लोकांना म्हणाले. “बाबूजी ने बजवाया. मीटिंग के वास्ते.”

पाचशे डोळे माझ्यावर! दाढीचा साबण लावलेला तो माणूस बाह्या सरसावायला लागला. लाटणंवाली बाई दोन पावलं पुढं आली. मी सुमनकडे बघितलं, तर ती दुसरीकडेच बघत होती, जणू मी कोण तिचा! आज काही आपण जठारपेठ बघत नाही, असंच मला वाटलं.

वाचवलं कोणी? साहेबांनी! माणूस मोठा होता, मानलं पाहिजे. रुमालानं चष्मा पुसला, तो डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, “मंडळी, आलाच आहात तर बसा. सरकारला तुमचं म्हणणं हवं आहे. या शहरात कोणाला कोणतं काम शिकवायला हवं?”

मग ती लाटणंवाली बाई पुढं झाली, लाटणं बोटासारखं माझ्याकडे रोखलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “आमचं राहू द्या साहेब! पह्यले या बाबूले शिकवा!”

मैदान जे हसलं! टेबलाखालचे बडेबाबूसुद्धा हसले. साहेबांनी विचारलं, “बाकी सगळ्यांचं काय मत?” आणि अख्ख्या मैदानानं हात वर केले. शहराच्या उद्योगधंद्यांवर अकोल्यात एकमत झालं ते एवढ्याच एका मुद्द्यावर. नंतर मात्र हसता हसता लोक बसले आणि दिवे लागेपर्यंत भरभरून बोलले. जिनाचं काम पावसाळ्यात बंद होतं तेव्हा काय करायचं, पोरांना यंत्राचं काम कोण शिकवणार, सगळं बोलले. साहेब ओल्या कपड्यांनी ऐकत बसले आणि मी कोपऱ्यात उभा राहून मार्चपर्यंतचे दिवस मोजत होतो.

सही झाली का, विचारताय? झाली! साहेबांनी शब्द पाळला, मैदान भरलं होतं ना! पण फाईलवर कायम करण्याच्या हुकुमाखाली त्यांनी आपल्या हातानं नेमणुकीची जागाही लिहिली होती: आगीचा बंब. रिटायर होईपर्यंत तिथंच नोकरी काढली हो मी! आणि दर अवसेला कासमभाई मुद्दाम बंबाच्या फाटकावर येऊन विचारायचे, “बाबूजी, आज क्या हुकूम है?”

राहिले सुमनचे पेढे. ते तिनं वाटलेच. शेजारणी विचारायच्या, “कायम झाले म्हणे? कोण्या खात्यात वो?”

ती मान ताठ ठेवून सांगायची, “पाण्याच्या!”