भिंगरीची शेवटची उडी

स्केटिंगच्या हॉलमधल्या बर्फावर ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा सात वर्षांची होती. उभी राहिली म्हणणं म्हणजे तिची बाजू घेणं झालं. खरं तर ती बसलीच. उठली, पुन्हा बसली. तासाभरात बाकीची मुलं रडत आपापल्या आयांकडे गेली, आणि ही एकटी कठड्याला धरून एका पायावर गोल फिरायचा खटाटोप करत राहिली. बर्फ सपाट करायचं मशीन चालवणारे काका वैतागून म्हणाले, "ए भिंगरी, सर की बाजूला. मला काम करू दे." नाव तेव्हापासून चिकटलं. शाळेच्या दाखल्यावर दुसरं काही होतं, पण त्या हॉलमध्ये ते कोणाच्या गावीही नव्हतं.

आई कपडे दुरुस्त करायची. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. पँट आखूड कर, चेन बदल, कोटाचं अस्तर लाव, असली कामं. पहाटे पाचला लेकीला हॉलवर आणायची आणि तिथल्या गार पायऱ्यांवर बसून हातशिलाई उरकायची. लेकीचे स्पर्धेचे पोशाखही तीच शिवायची, एकेक मणी ओवून. पण एवढ्या वर्षांत एकाही उडीचं नाव तिला धड सांगता आलं नाही. "पडली नाही ना? मग झालं," एवढंच तिचं शास्त्र.

शिकवणाऱ्या बाई वेगळ्या मातीच्या. स्वतः कधीकाळी बर्फावर नाचलेल्या, आता कंबर धरून कठड्याशी उभ्या. कौतुक त्यांच्या तोंडून ऐकायला मिळणं मुश्कील. "बरं" म्हणाल्या की भिंगरी दिवसभर हवेत असायची.

ज्यांना हा खेळ म्हणजे मणी, हसणं आणि संगीत वाटतो, त्यांनी तिची मांडी बघायला हवी होती. उजवीकडे कायम काळानिळा डाग. एक मिटेपर्यंत दुसरा तयार. सकाळी सराव, मग कॉलेज, मग पुन्हा सराव. चार मिनिटांच्या कार्यक्रमासाठी वर्षभर. अशी माणसं मला वेडी वाटतात, आणि खोटं कशाला बोलू, त्यांचा हेवाही वाटतो.

तिला एकच गोष्ट हवी होती. देशाच्या स्पर्धेत पहिल्या तिघींना जागतिक स्पर्धेला पाठवत. एकोणिसाव्या वर्षी ती चौथी आली. विसाव्या वर्षी चौथी. पुढच्या वर्षीही तेच. मशीनवाले काका म्हणायचे, "पोरगी हुशार आहे, पण चौथीतच नापास होतेय." ती हसायची. घरी जाऊन काय करायची ते आईला माहीत.

बाविसाव्या वर्षी गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, आठ महिने काठी. परत आली तेव्हा पाय बरा होता, पण अंगात भीती शिरली होती. हवेत फेरे घेताना हात छातीशी घट्ट धरावे लागतात. ते उघडले की फिरणं थांबतं. भिंगरी तिसरा फेरा पुरा व्हायच्या आतच हात उघडायला लागली. उतरायची अगदी अलगद, पण तीन फेऱ्यांची उडी दोनाची व्हायची.

ह्या सवयीने पंचविसाव्या वर्षी तिचा घात केला. नियम असा, की दोन फेऱ्यांची एकाच जातीची उडी कार्यक्रमात दोनदाच चालते. तिसऱ्यांदा मारली तर भोपळा. तिच्या दोन झाल्या होत्या. शेवटी त्याच जातीची तीन फेऱ्यांची उडी होती. तिने ऐन वेळी हात उघडले आणि सुरेख उतरली. टाळ्यांचा कडकडाट झाला. गुणांची वाट बघायच्या बाकावर बाईंच्या शेजारी ती हसत बसली, आणि गुण लागले तेव्हा त्या उडीपुढे शून्य. पुन्हा चौथी. आई म्हणाली, "पण तू तर पडलीच नाहीस."

सव्विसावं वर्ष शेवटचं, हे डॉक्टरांनीही सांगितलं आणि गुडघ्यानेही. बर्फावर जायच्या आधी बाईंनी तिच्या बुटांच्या नाड्या स्वतः तपासल्या.

"शेवटच्या उडीला हात उघडायचे नाहीत."

"आणि पडले तर?"

"पड की. बर्फ काय आज बघतेयस?"

सगळ्यांत शेवटी ती उतरणार होती. संगीत सुरू झालं. पहिल्या जोडउडीत, म्हणजे लागोपाठच्या दोन उड्यांत, दुसरी उडी त्याच जातीची, तीन फेऱ्यांची ठरली होती, पण पहिलीच जरा वाकडी उतरली, म्हणून तिने दोनच फेरे घेतले. म्हणजे दोन फेऱ्यांची एक झाली. पुढच्या जोडउडीत ठरल्याप्रमाणे दोन फेरे. दोन झाल्या. आता राहिली शेवटची, आणि ती तीनच फेऱ्यांची हवी होती. गुडघा ठणकत होता, श्वास पुरत नव्हता. कठड्याशी बाई दोन बोटं ताठ धरून उभ्या होत्या. तिला सांगायची गरज नव्हती. ती गेलं वर्षभर झोपेतही हाच हिशोब करत होती.

ती उडाली आणि उडाल्याबरोबर तिला कळलं की अंग एका बाजूला कललंय. हात उघडले तर सुखरूप उतरता येईल, हॉल टाळ्या वाजवील. तिने हात आणखी आवळले. तिसरा फेरा पुरा झाला, बुटाच्या पात्याने बर्फ पकडला, आणि दुसऱ्याच क्षणी ती कमरेवर आपटून थेट कठड्यापर्यंत घसरत गेली.

सगळ्या हॉलने "अरेरे" केलं. ती उठली, संगीताची लय पकडली, शेवटच्या गिरक्या पुऱ्या केल्या आणि हात वर करून उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या दयेच्या होत्या. वरच्या रांगेत आईने तोंडाला पदर लावला होता.

दोघी बाकावर येऊन बसल्या. पडल्याबद्दल एक गुण कापला जातो, उडीचेही निम्मे जातात. पण तीन फेरे पुरे असतील, तर उरतात ते थोडे गुण तरी शून्यापेक्षा जास्त. सगळं त्या एका शब्दावर होतं: पुरे. पंच पडद्यावर ती उडी सावकाश बघत होते, पुन्हा पुन्हा.

गुण लागले. उडी पूर्ण धरली होती. अर्ध्या गुणाच्या फरकाने ती तिसरी आली.

भिंगरीने बाईंच्या मांडीवर डोकं ठेवलं. एकोणीस वर्षांचं रडणं एकदम आलं. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पुरे आता. वर बघ. तुझ्या आईला वाटतंय तू हरलीस."

तिने वर बघितलं. आई पायऱ्यांवर उभी राहून, चेहरा पडलेला, तिचा गरम कोट हातात धरून खाली यायची वाट शोधत होती. भिंगरीने हात उंच करून तीन बोटं दाखवली. आईला आधी समजलं नाही. मग तिनेही तीन बोटं वर केली, विचारल्यासारखी. भिंगरीने मान डोलावली. आई मटकन खाली बसली, आणि शेजारच्या अनोळखी बाईच्या खांद्यावर डोकं टेकून तिने मोठ्याने रडायला सुरुवात केली.