तुमच्यासकट एकेचाळीस

त्यांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते माझ्या वर्गातल्या मुलांच्या डोक्यांवर दोन बोटं टेकवताना. आमच्या बंदरासमोर एक लहानसं बेट आहे, त्यावर दीपगृह. तिथे शाळेची सहल गेली होती. परतीची वेळ झाली, मुलं बोटीत बसली, आणि हा उंच, किडकिडीत बोटवाला मोजायला लागला. सुरुवात त्यांनी स्वतःच्या छातीपासून केली. "मी एक." मग पहिल्या मुलाच्या डोक्यावर बोटं, "दोन." असं करत माझ्यापर्यंत आले, बोटं उचलली आणि हवेतच थांबवली. "माफ करा बाई, सवय. एकेचाळीस. चला."

अडतीस मुलं, आम्ही दोघी शिक्षिका आणि ते स्वतः.

निघताना त्यांच्या बायकोनं धक्क्यावरच्या तिकिटाच्या खिडकीतून ओरडून आकडा सांगितला होता, "अहो, तुमच्यासकट एकेचाळीस!" तीच त्यांची रीत होती. जाताना तिनं आकडा सांगायचा, येताना बेटावर यांनी तो जुळवायचा, आणि जुळल्याशिवाय दोर सोडायचा नाही. मी त्यांना विचारलं, "स्वतःला कशाला मोजता? तुम्ही तर बोटीतच असता."

"मला विसरून बोट गेली तर, बाई?"

हे त्यांनी परतल्यावर बायकोलाही ऐकवलं. ती तिकिटांची थप्पी सारखी करत म्हणाली, "एकदा विसरून या की. मी सुखानं झोपेन."

मुलांनी त्याच दिवशी त्यांचं नाव 'सकटमामा' ठेवलं. पुढे गावानंही तेच उचललं, आणि त्यांची बायको आपोआप मामी झाली. काही वर्षांनी त्यांची मुलगी माझ्या वर्गात आली, तेव्हा पोरं तिला चिडवायची, "तू किती जण? बाबांसकट सांग."

सुट्टीत आमच्याकडे पाहुण्यांची गर्दी होते. त्यातली निम्मी माणसं तिकीट काढायला नव्हे, चौकशीला त्या खिडकीशी थांबायची. दोन दिवसांत काय काय बघायचं? मामी आधी समोरच्याचा चेहरा बघायची, मग सांगायची. नवीन लग्न झालेल्यांना म्हणायची, "बंदराच्या भिंतीवरून पार टोकापर्यंत चालत जा, तिकडे ओळखीचं कुणी भेटत नाही." लेकुरवाळ्यांना ओहोटीची वेळ सांगायची, खडकांतल्या डबक्यांची जागा सांगायची, वर सल्ला द्यायची, "खेकडा मागून धरायचा. नवऱ्यासारखाच, समोरून गेलं की चावतो." शहाण्यासुरत्या माणसांना पहाटेच्या मासळीच्या लिलावाला धाडायची, "पण नाक घरी ठेवून जा." शेवटी सगळ्यांनाच बेट. "तिकडे दीपगृह आहे, पक्षी आहेत आणि आमचे हे आहेत. त्यातले दोन बघण्यासारखे आहेत."

एकतीस वर्षं हे असं चाललं. सकटमामांनी बेटावर कधी एक टोपीसुद्धा विसरू दिली नाही.

मग मामी आजारी पडली. तीन महिन्यांत गेली.

मुलगी शहरातली नोकरी सोडून आली आणि खिडकीत बसली. लोकांनी मामांना सांगितलं, थोडे दिवस थांबा. ते म्हणाले, "घरात बसून काय करू? घरात तर ती आहेच सगळीकडे." पंधराव्या दिवशी त्यांनी बोट काढली. त्या दिवशी एकच फेरी होती, दुपारची. निघताना मुलीनं तिकिटं मोजली आणि खिडकीतून सांगितलं, "बाबा, तेवीस."

बेटावर लोक दोन तास फिरले. वारा वाढत होता. परत निघताना मामांनी मोजलं. मी एक, मग दोन, तीन, शेवटचा तेविसावा. आकडा जुळला. त्यांनी दोर सोडला.

मुलीनं तिकिटं मोजली होती. तिकीट मामांना नसतं. बोटीत यायला हवे होते चोवीस. "घाई केली असती तरी बरं होतं," ते मला नंतर म्हणाले. "घाईला दोष देता आला असता. मी सावकाश मोजलं, बाई. दोनदा मोजलं."

राहिलेला माणूस कुठल्याशा कारखान्यातला निवृत्त भांडारपाल होता. एकटाच सुट्टीला आला होता. बायको नाही, मुलंबाळं नाहीत, त्यामुळे धक्क्यावर त्याची वाट बघणारंही कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजची मालकीण खिडकीशी येऊन म्हणाली, "आमचे दुर्बीणवाले काका तुमच्या बोटीनं गेले होते ना? त्यांच्या अंथरुणाची घडीसुद्धा मोडलेली नाही."

मामा तिथेच उभे होते. मुलगी सांगते, मोजत असल्यासारखे त्यांचे नुसते ओठ हलले, आणि ते बोटीकडे धावले.

रात्रभर पाऊस झाला होता. दीपगृहात कुणी राहत नाही, दिवा आपोआप लागतो आणि दाराला कुलूप असतं. त्या दारापाशी, वारा जरा कमी लागेल अशा बाजूला, भांडारपाल भिंतीला टेकून बसले होते. अंगात ताप होता, पण शुद्धीवर होते. बेटाच्या पलीकडच्या अंगाला पक्षी बघत बसले आणि बोटीचा भोंगा वाऱ्यात ऐकू आला नाही, असं त्यांनी सांगितलं. "वळून आलो तर बोट निघालेली. म्हटलं, मोजतील आणि येतील परत."

हे वाक्य मामांनी मला जेवढ्या वेळा सांगितलं, तेवढ्या वेळा मी दुसरीकडे पाहिलं.

इस्पितळात भांडारपाल आठ दिवस होते. न्यूमोनिया झाला होता. मामा रोज सकाळी जाऊन बसायचे, कपडे धुऊन न्यायचे, लापशी भरवायचे. नर्सना वाटलं भाऊच आहे. भांडारपालांनी एकदाही रागाचा शब्द काढला नाही, आणि तेच मामांना सहन होईना. एकदा भांडारपाल म्हणाले, "भिंत झाली, लिलाव झाला, बेट तर चांगलंच झालं. अजून काय बघायचं राहिलंय हो तुमच्या गावात?" ते सगळं मामीला ठाऊक होतं.

नवव्या दिवशी पहाटे भांडारपाल गेले.

बंदराच्या कचेरीनं चौकशी लावली आणि मामांकडून लेखी जबाब मागवला. ते कोरा कागद घेऊन माझ्याकडे आले. "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे." मागोमाग मुलगी आली, तशीच चपला घालून आत.

"बाई, मी सांगते ते लिहा," ती म्हणाली. "आई यांना धरून आकडा सांगायची. मी नुसती तिकिटं सांगितली. आमच्या दोघांच्या मोजण्यात फरक पडला, असं लिहा. हे खरं आहे. त्यानं लायसन्स वाचेल."

"तिकिटं किती होती?" मामांनी तिला विचारलं.

"बाबा, तो प्रश्न नाही."

"किती होती?"

"तेवीस."

"मग तुझा आकडा बरोबर. लिहा बाई, बोटीतली माणसं मोजण्यात माझी चूक झाली."

मी म्हटलं, "पोरगी म्हणते ते खोटं नाही. दोन्ही लिहू या."

"खोटं नाही," ते म्हणाले. "पण एकदा कागदावर आलं की जन्मभर हिच्या नावापुढे राहील. त्या खिडकीत हिला अजून पुष्कळ वर्षं बसायचंय. रोज कुणी ना कुणी बघेल आणि म्हणेल, हीच ती." मग मुलीकडे न बघता म्हणाले, "आणि आईची रीत तुला मीच सांगायला हवी होती. मला आठवलंच नाही, की ती रीत होती. मला वाटायचं, आकडा असाच असतो."

मुलगी माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून रडली. मी एकच वाक्य लिहिलं. त्यांनी खाली सही केली.

लायसन्स सहा महिने थांबवलं, मग परत दिलं. मुलीनं बोट धुऊन रंगवून ठेवली होती. ठरलेल्या दिवशी मामा आले, बोटीत चढले, लोक बसले, मुलीनं मोठ्यानं सांगितलं, "बाबा, अठरा, आणि तुम्ही एकोणीस." मी धक्क्यावरच होते. या वेळी त्यांनी निघण्याआधीच मोजायला हात छातीशी नेला. बराच वेळ तो तिथेच राहिला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग ते उतरले, मुलीला म्हणाले, "दुसरा कुणी बघ गं," आणि बाजाराच्या रस्त्यानं घरी गेले.

त्याला आता चार वर्षं झाली. बोट दुसरा माणूस चालवतो. मामा मासळीबाजाराच्या मागच्या शेडमध्ये जाळी दुरुस्त करतात, सकाळी आठ ते बारा. दुपारी मुलगी डबा घेऊन येते आणि दोघं तिथेच जेवतात.