आवाज काढून दाखवा

गाड्यांच्या विजेची दुरुस्ती करणाऱ्या त्या माणसाला सगळे कानसेन म्हणत. दुकान म्हणजे पत्र्याखाली एक गाडी मावेल एवढी जागा, खिळ्यांना लटकलेली वायरींची भेंडोळी आणि दारावर त्याने स्वतः रंगवलेली पाटी: ‘आधी आवाज काढून दाखवा.’ पाटी थट्टेची नव्हती. बॉनेट उघडायच्या आधी गिऱ्हाइकाने गाडीचा आवाज तोंडाने काढायचा, हा तिथला कायदाच. टाय लावलेले साहेबसुद्धा इकडेतिकडे बघत हळूच ‘खिर्र... खिर्र... टक्’ करायचे.

“शेवटचा टक् एक की दोन?” कानसेन डोळे मिटून विचारायचा.

“बहुतेक दोन.”

“बहुतेक नको. परत काढा. लाजताय काय, सासरी आलात का?”

साहेब घसा खाकरून पुन्हा खिरखिरायचे. मग कानसेन मान डोलवायचा, “बॅटरी ठणठणीत आहे. स्टार्टरची वायर सैल झालीय,” आणि तसंच निघायचं.

या दरबारातले खरे कलावंत म्हणजे दाजी, त्याच्या धाकट्या बहिणीचे यजमान. शाळेत कारकून. कोरड्या काचेवर ओढलेला वायपर ते असा काढत की ऐकणाऱ्याचे दात शिवशिवायचे. पाणी गेलेला हॉर्न काढताना तर गाल असे फुगवत की कानसेन हातातला पाना टाकून खालीच बसायचा. पण दोन वर्षांपूर्वी दाजींची मूत्रपिंडं गेली. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, सकाळी नऊच्या ठोक्याला, रक्त धुऊन घ्यायला इस्पितळातल्या मशीनवर पडायचं. नेआण बहीण करायची, बावीस वर्षांच्या जुन्या गाडीतून. मशीनवरची पाळी चुकली तर दुसरी मिळणं म्हणजे देव पावणं.

आणि याच दोन वर्षांत कानसेनचे कान गेले.

आधी बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी गेली, मोबाईल गेला, वळणाच्या दिव्याची टिकटिक गेली. जाड आवाज येत होते म्हणून धंदा तगला. बारीक आवाज तो गिऱ्हाइकाच्या ओठांवरून, गालांवरून ओळखायचा. घरात कुणाला पत्ताही लागला नाही. नवरा ऐकत नाही, ही तक्रार कुठल्या बायकोची नसते? एकदा गुपचूप डॉक्टरांकडे जाऊन आला. नस सुकलीय, कानात यंत्र घाला, असं ते म्हणाले. कानात यंत्र घातलेला कानसेन! पैलवानाने काठी टेकत आखाड्यात उतरावं तसं. तो परत काही तिकडे फिरकला नाही.

बुधवारी दुपारी बहिणीची गाडी दुकानाच्या दारात आली आणि दारातच गप्प झाली.

“बघ, हे असं,” बहीण उतरत म्हणाली. “तापली की जीव सोडते. अर्धा तास उभी केली की जसं काही झालंच नाही. दादा, उद्या गुरुवार आहे. उद्या ही रस्त्यात बसली तर मी काय करू?”

“मी मेलोय का? आवाज काढ.”

“आवाजच नाही रे. चालता चालता गुपचूप बंद.”

कानसेनने तिला पाणी प्यायला आत पाठवलं. पुढच्या दोन सीटांमधून मागे वाकून, मागच्या सीटकडे कान करून त्याने लांबवलेल्या हाताने चावी फिरवली. सीटखालचा पेट्रोलचा पंप चावी लागली की दोन सेकंद ‘ज्यूं’ करतो; ‘ज्यूं’ झालं म्हणजे पंप जिवंत. काही ऐकू आलं नाही. पुन्हा फिरवली. सगळं शांत.

“पंप अडकतोय,” त्याने जाहीर केलं. “गरम झाला की अडकतो.”

तासाभरात त्याने नवा पंप बसवला. चावी फिरवली, कान टेकला. तरीही शांत. त्याने इंजिन सुरू केलं. पहिल्या फटक्यात लागलं, बॉनेटवरच्या तळहाताला एकसारखी थरथर जाणवली. मग त्याने स्वतःची समजूत घातली: हल्लीच्या पंपांना आवाज नसतोच. हे वाक्य त्याने मनात तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा ते खरं वाटलं. दारात उभ्या बहिणीला ‘ज्यूं झालं का गं?’ एवढं विचारायला जीभ रेटली नाही.

“झालं?” तिने विचारलं.

“ठणठणीत. जा बिनधास्त.”

गुरुवारी पावणेनऊला गाडी मोठ्या पुलाच्या मधोमध बसली. मागे हॉर्नचा कल्लोळ, शेजारी दाजी, आणि बहीण चावी फिरवतेय, फिरवतेय. दुसऱ्याच्या गाडीतून ती दोघं पोचली तेव्हा मशीनवर दुसरा माणूस होता. शुक्रवारी पहाटे दाजींच्या छातीत पाणी झालं, श्वास मिळेना. त्यांना त्याच इस्पितळात दाखल केलं.

कानसेन दुपारी गेला. वॉर्डात दाजी उशांना टेकून बसले होते, पाय सुजलेले, चेहरा फिकट. बहीण खिडकीशी उभी होती. त्याला बघून तिने पाठ फिरवली. भांडली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

“या, डॉक्टर,” दाजी म्हणाले. त्यांचा आवाज आता असून नसल्यासारखा. कानसेनने तो ओठांवरूनच उचलला. “गाडीचा आवाज दाखवायचा राहिला. बघा हं.”

दाजींनी गाल आत ओढले, ओठांचा चंबू केला, भुवया चढवल्या आणि मान हळूहळू मागे नेली. तोच जुना कलावंत. कानसेनने डोळे बारीक करून मान डोलवली. “हं. कळलं. पंपाची वायर असणार.”

दाजी हसले नाहीत.

“दादा,” त्यांनी प्रत्येक अक्षर ओठांनी कोरून म्हटलं, “मी आवाज काढलाच नाही.”

खिडकीशी उभी बहीण वळली.

“कधीपासून?” ती त्याच्या समोर येऊन म्हणाली.

“दोन वर्षं होत आली.”

“आणि मी तुझ्यावर भरवसा ठेवून... दादा, पुलावर पंप वाजत होता रे! ज्यूं, ज्यूं करत होता. बुधवारी तुझ्या दारातसुद्धा वाजला. मी आतून ऐकला. मला वाटलं, तूही ऐकलास.”

कानसेन उठला. “गाडी कुठाय?”

गाडी ओढून इस्पितळाच्या आवारात आणून ठेवली होती. त्याने बहिणीला आत बसवलं. “गाडी चालू ठेव. बंद पडली की चावी फिरव. ज्यूं झालं तर हात वर कर. आता माझे कान तू.”

पंचवीस मिनिटांनी इंजिन गेलं. तिने चावी फिरवली. हात वर झाला. म्हणजे पेट्रोल येतंय, ठिणगी येत नाही. त्याने प्लगची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली आणि तिला स्टार्टर मारायला खुणावलं. ठिणगी नाही. मग ती ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलवर बोट ठेवलं आणि चटका बसून मागे घेतलं. रुमाल भिजवून कॉइलवर टाकला, वाफ उठली. तो वाळला तसा पुन्हा भिजवला. आठ-दहा मिनिटांनी वायरीच्या टोकाला निळी ठिणगी उडाली. ती मात्र त्याला लख्ख दिसली. तापली की मरणारी कॉइल. बुधवारी एक प्रश्न विचारला असता, तर चहा व्हायच्या आत सापडली असती.

नवी कॉइल बसवली. बहिणीने गाडी पुलावरून दोनदा नेऊन आणली. तिने ‘बरी आहे’ म्हटलं आणि वॉर्डाकडे निघून गेली.

दाजी आठव्या दिवशी घरी आले, पहिल्याहून निम्मे. दुसऱ्या दिवशी मशीनवर जाताना गाडी दुकानासमोर हळू झाली. दारावर पाटी नव्हती, नुसते चार खिळे होते. दाजींनी काच खाली केली, गाल फुगवले; पाणी गेलेल्या हॉर्नचे ते गाल. बहीण स्टिअरिंग धरून समोर बघत होती.

आवाज होता की नव्हता, ते कानसेनला कळलं नाही. त्याने मान डोलवली नाही. तो नुसता उभा राहिला, गाडी वळेपर्यंत.