घरावरून जाणारं बदक

कुलूपवाल्याच्या टपरीवरून त्या दुसऱ्यांदा गेल्या, तेव्हा शिवणाच्या बाई थबकल्या. बरोबरच्या ठोकळेबाई मात्र चालतच होत्या. हात मागे बांधलेले, मान खाली.

"अहो बाई, तुमची गल्ली मागे राहिली. मघाशीही राहिली होती."

"राहिली का? बरं, पुढच्या फेरीला वळू."

फेरी म्हणे! शाळा सुटल्यापासून चालत होत्या दोघी. रोजचा रस्ता जेमतेम दहा मिनिटांचा, आज मात्र पाय दुखायला लागले तरी संपत नव्हता. शिवणाच्या बाईंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि पुन्हा बरोबरीनं चालू लागल्या. एकटीला सोडवेना.

ठोकळेबाई हे नाव मुलांनी पाडलेलं. पूर्वी बाई एका कचेरीत टायपिस्ट होत्या. कचेरी बंद पडली. मग भाचीकडून कॉम्प्युटर शिकून घेतला आणि शाळेत लहानग्यांना प्रोग्रॅम करायला शिकवू लागल्या. पडद्यावर रंगीत ठोकळे असतात, प्रत्येकावर एकेक हुकूम: चाल, वळ, बोल, थांब. ते माउसनं ओढून एकमेकांना जोडायचे, की पडद्यावरचं चित्र तसं वागतं.

पण पहिल्या दिवशी बाई मशीन लावतच नसत. स्वतःच यंत्र होत. "करा हुकूम. सांगाल तेवढंच करीन." मुलं ओरडत, "बाई, पुढे चला!" बाई चालत सुटत त्या थेट भिंतीला नाक टेकेपर्यंत, कारण थांबा म्हणून कुणी सांगितलेलंच नसे. "पेला तिरपा करा!" बाई करत, आणि पाणी सगळं मांडीवर. पेला तोंडाशी न्या, हे राहूनच गेलेलं. पोरं हसून लोळत. शिवणाच्या बाई शेजारच्या वर्गातून डोकावत आणि म्हणत, "या वयात हा धिंगाणा शोभतो का हो?" तर उत्तर येई, "तुमच्या मशीनला तरी कुठे कळतं, झबलं शिवतंय की पिशवी?"

एक नेम मात्र कडक. मुलाच्या ठोकळ्यांना बाईंनी हात लावायचा नाही. टायपिस्टची बोटं, ती पुढे धावणारच. म्हणून हात मागे बांधून उभ्या राहत. चुकलं तर विचारत, "तुझ्या बदकाला विचार, का नाही थांबलं?" ज्याचं त्यानं शोधायचं. पुढे पुढे तर ती सवयच लागली. बाजारातही त्या तशाच हिंडत, भाजीवाली हसे.

कुलूपवाला आता दुकान आवरत होता. त्यानं दोघींकडे एकदा पाहिलं.

"आजही आली होती," ठोकळेबाई म्हणाल्या. "खिडकीबाहेर उभी."

कोण, ते सांगावं लागलं नाही. पिटुकलीची आई.

पिटुकली वर्गात सगळ्यांत लहान. खुर्चीवर दोन पाट ठेवून बसायची. तिनं बदकाची गोष्ट केली होती. अंगणातून बदक निघतं, तळ्यापर्यंत जातं, काठाला लागलं की परत फिरतं, आणि घराला टेकलं की थांबतं. परत फिरताना ते बोलतं, आणि तो आवाज पिटुकलीनं स्वतःचाच भरला होता, मशीनला तोंड लावून: "आले गं आई, आले!"

पण बदक थांबेना. घराला टेकलं तर थांब, हा ठोकळा तिनं बाकीच्यांच्या अगदी लगत ठेवला होता. जोडला नव्हता. मधे बारीकशी फट.

"उद्या शोधते हं बाई, कुणाला सांगू नका," असं म्हणून घरी गेली. रात्री ताप चढला. मग दवाखाना, आणि मग ती शाळेत आलीच नाही. कधीच.

शिवणाच्या बाईंनी ती फट एकदा पाहिली होती आणि त्यांना लगेच उमगलं होतं. वरून टाका पडलेला दिसतो, पण खालच्या दोऱ्यानं धरलेलंच नसतं, तसंच ते.

नेमाप्रमाणे ठोकळेबाईंनी हात लावला नाही. पण वर्ग भरण्याआधी रोज मशीन लावायच्या. बदक तळ्यावर जायचं, "आले गं आई, आले!" म्हणायचं, घरावरून पलीकडे निघून जायचं, पुन्हा फिरायचं. एका सकाळी आई पिटुकलीचा डबा न्यायला आली आणि व्हरांड्यात तिच्या कानावर ते पडलं. धावत आत आली. टेबलांखाली वाकून पाहिलं. कपाटाच्या मागे पाहिलं. मग पडद्यापुढे बसली आणि उठेचना.

तेव्हापासून रोज येते.

"आज तिच्या सासूबाई आल्या होत्या माझ्याकडे," ठोकळेबाई सांगू लागल्या. "म्हणाल्या, तान्हं घरी टाकून येते हो, दूध मागून मागून ते झोपी जातं. तुम्ही तुमचं ते बंद करा. बाई, काय करू? नाही लावलं तर ती दारातच ताटकळेल, उद्या लावतील म्हणून. पुसून टाकू? माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"आणि ठोकळा जोडला तर?"

"तर एकदाच म्हणेल. तळ्यावरून फिरताना. मग घराशी येऊन थांबेल. पोरीला तेच तर करायचं होतं. आईला बोलावलंय उद्या, आत. तिच्यासमोरच जोडीन म्हणते. पण माझे हात बघा."

त्यांनी हात पुढे केले. थरथरत होते. किती तरी दिवसांनी शिवणाच्या बाईंनी ते हात समोरून पाहिले.

"घरी पाणी भरतानाही तेच ऐकू येतं मला. म्हणून तर वळवत नाही घराकडे."

गल्लीचं तोंड पुन्हा आलं. या खेपेला शिवणाच्या बाईंनी त्यांचा दंड धरून वळवलं. दाराशी ठोकळेबाईंची किल्ली कुलपाला लागेना, तेव्हा ती शिवणाच्या बाईंनीच फिरवली. उंबऱ्याशी ठोकळेबाई थांबल्या.

"तुमची चेष्टा करत आले इतकी वर्षं, सारखं काय ते देव देव म्हणून. उद्या याल? ठोकळा जोडला की मी डोळे मिटून घेईन, मला बघवणार नाही. आवाज थांबेल, तो येईल ऐकू. पण आवाज थांबला म्हणजे पोचलंच, असं थोडंच आहे? तुम्ही नीट बघा, बाई. आणि घराला टेकलं असेल, तरच मला सांगा."