आत्याची खोगीरभरती

सोलापुरात एखाद्याचा अपमान झाला तर तो भांडतो, नाही तर घरी जाऊन न जेवता झोपतो. अपमानाचा शब्द जसाच्या तसा उचलून, त्याचं रीतसर शिक्षण घेऊन, त्यात तरबेज होऊन परत येणारं माणूस या पृथ्वीवर एकच झालं, आणि ते म्हणजे माझी आत्या. तिला कुणी "उंटावरून शेळ्या हाकू नका" म्हणालं असतं, तर तिनं आधी उंट कुठं मिळतो याची चौकशी केली असती.

आत्या एका खाजगी शाळेत मुलींना शिवण शिकवायची. तिच्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुली आज गणवेशाच्या कारखान्यांत मशीनवर बसून घर चालवतात. मग वेळापत्रकातून शिवणाचा तास उडाला, त्या जागी संगणकाचा तास आला (संगणक आले नाहीत, तास आला), आणि आत्या 'अतिरिक्त' ठरली. या शब्दाची मला मनापासून चीड आहे. आमटीत मीठ अतिरिक्त होतं, माणूस कसा होईल? यावर मी एक पत्रकही काढलं होतं. आमचं घरच पत्रकांचं. बाबा यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत, त्यामुळे मी अक्षरं गिरवली तीही पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. पण मुख्याध्यापकांचं 'अतिरिक्त'वर समाधान होईना. शिक्षकांच्या सभेत, आत्या मागच्या बाकावर चष्मा पुसत बसलेली असताना, ते म्हणाले, "ही खोगीरभरती शाळेनं किती दिवस पोसायची?"

आत्या रडली नाही की उठून गेली नाही. संध्याकाळी घरी, म्हणजे जुळे सोलापुरातल्या आमच्याच फ्लॅटवर आली, चहा घेतला, आणि बाबांना म्हणाली, "काय रे, सोलापुरात आता खोगीर कोण भरतं?"

बाबांच्या मुठी आधीच वळल्या होत्या. "अक्का, आपण शाळेवर मोर्चा काढू."

"काढ की. पण आधी खोगीर कोण भरतं ते सांग. ज्या कामावरून बोलणी खाल्ली, ते काम असतं कसं ते बघावं तरी."

नवी पेठेच्या मागं एका बोळात एक चाचा घोड्याचा साज करतात. वर बसायची जीन, तिच्याखाली घोड्याच्या पाठीला लागणारं गादीसारखं खोगीर, पोटाखालून आवळायचा तंग, लगाम, सगळं हातानं. टांगे गेले तसं त्यांचं गिऱ्हाईक आटलं. उरले ते वरातीचे घोडीवाले. चाचा मुळीच नम्र नाहीत. भिंतीवर टांगलेल्या जिनीकडं बोट करून "ऐसी जीन पूरे मुल्क में नै" असं ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, मीटर वाचायला येणाऱ्यालासुद्धा. आत्या दारात उभी राहून म्हणाली, "मला खोगीर भरायला शिकायचंय."

चाचांनी चष्म्यावरून बघितलं. "घोडा हाय का बाई तुमच्याकडं?"

"नाही."

"घ्यायचा हाय?"

"नाही."

"मग कैकू?"

"मला शाळेत खोगीरभरती म्हणाले."

चाचा हसले नाहीत. त्यांना आत्यापेक्षा जास्त राग आला. "कौन बोल्या? भरती कू गाली समज्या क्या उनो? बैठो, बाई. बैठो तुम."

अशा रीतीनं दोन गर्विष्ठ माणसं एका बोळात समोरासमोर बसली. आत्याला वाटायचं, टाका म्हणजे काय ते आपल्यालाच कळतं. चाचांना वाटायचं, मशीनवर शिवणाऱ्याचा टाका हा टाकाच नव्हे. आरीनं एक भोक पाडायचं आणि दोन सुया दोन्ही बाजूंनी त्याच भोकातून आरपार काढायच्या, म्हणजे एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसऱ्या बाजूचा शिवण धरून ठेवतो. आत्याला हे इतकं आवडलं की तिनं घरातल्या सगळ्या वस्तू पुन्हा दुहेरी टाक्यानं शिवून काढल्या. माझी शबनम, बाबांच्या चपला, आईच्या भाजीच्या पिशव्या. आमच्या घरातल्या वस्तू आता फाटतात, पण उसवत नाहीत. स्वयंपाकघरातल्या गजांना मेण लावलेले दोरे ताणून बांधलेले असायचे आणि फोडणीपर्यंत पोचायला आईला वाकून जावं लागायचं.

कॉलनीत आत्या अभिमानानं सांगायची, "मी जीन शिवायला शिकालेय." आठवड्याभरात खालच्या मजल्यावरच्या वहिनी मुलाची पँट घेऊन आल्या. "आत्या, एवढी जीन जरा आखूड करून द्या की." आत्यानं ती उलटसुलट करून बघितली आणि गंभीरपणे विचारलं, "पाय ठेवायच्या रिकिबी कुठं लावू?" वहिनी परत आल्या नाहीत. समोरचे एक निवृत्त गृहस्थ मात्र आले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "बाई, घरात चामड्याचं काम? आपल्यासारख्यांनी?" आत्या काम न थांबवता म्हणाली, "तुमच्या कमरेला काय आहे बघा. ते आधी सोडून ठेवा, मग बोलू आपण." गृहस्थ एका हातानं पट्टा चाचपत जिना उतरले. जातीवर मी आजवर जेवढी पत्रकं लिहिली, त्या सगळ्यांपेक्षा तो पट्टा जास्त कामाला आला असं माझं प्रामाणिक मत आहे.

याच सुमारास चांदणी आली. चाचांच्या पुतण्याची, इस्माईलची, ही एकुलती एक घोडी. पांढरीशुभ्र आणि तापट. कुठल्यातरी जुन्या जिनीनं तिच्या पाठीला, मानेच्या बुडाशी, जखम केली होती. जखम भरायची, जीन घातली की पुन्हा उघडायची. आता ती जीन दिसली तरी लाथ उगारायची. इस्माईल म्हणाला, "चाचा, ये सीझन में जीन नै बैठी तो बाजार दिखाना पड़ेगा." घोडीचा बाजार म्हणजे काय, आणि वरातीला न चालणारी घोडी तिथून पुढं कुठं जाते, हे बोळात सगळ्यांना ठाऊक होतं. आत्यानं चांदणीच्या डोळ्यांत बघितलं. नंतर मला म्हणाली, "पोरी, हिलापण अतिरिक्त ठरवालेत." चांदणीचं खोगीर आपणच भरणार असं तिनं तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं, आणि चाचांनी कपाळावर हात मारला.

आता सोलापूरच्या माणसाचं एक असतं. कुठलीही अडचण आली की तो चादर काढतो. पाहुणा आला, चादर. सत्कार करायचा, चादर. एसटीत जागा धरायची, चादर. आत्याही अस्सल सोलापूरची. चाचांनी सांगितलेली लोकर बाजूला ठेवून तिनं गुलाबी फुलांची नवी चादर आणली, घड्या घालून खोगिरात आणि खोगिराखाली बसवली, आणि सकाळी इस्माईल चांदणीला मैदानावर फिरवून आला. जीन उतरवली. घोडीच्या दोन्ही अंगांवर गुलाबी फुलं उमटली होती, पानांसकट. इस्माईलनं बोटानं एक फूल पुसून बघितलं. मग म्हणाला, "बाई, मैं घोडी दिया था. तुम पलंगपोस करके वापस दिए." रस्त्यानं जाणाऱ्या एकानं थांबून हे डिझाइन किती दिवस टिकतं, आमच्याकडं लग्न आहे, असंही विचारलं.

पण फुलांच्या वर, मानेच्या बुडाशी, जुनी जखम लाल झाली होती. ते बघून मात्र कुणी हसलं नाही. इस्माईल म्हणाला, "बस, एक बार और. फिर नै."

आत्या त्या दिवशी चादरवाल्या दुकानदाराशी जाऊन भांडली, अस्सल सोलापुरी चादरीचा रंग जात नसतो, ही बाहेरची नक्कल आहे म्हणून. भांडण जिंकून परत आली तर चाचा म्हणाले, "रंग का छोडो बाई. चादर अस्सल असती तरी बी चूकच हाय. चादर सपाट असते, पाठ कुटं सपाट असते?"

आत्यानं खोगीर उसवून चादर बाहेर काढली. मग चांदणीची जखम सुकेपर्यंत आमच्या घरात लोकरीचं राज्य आलं. मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळांची लोकर आत्या बोटांनी मोकळी करायची, एकेक कुसळ वेचायची. आमटीत लोकर, पंख्यावर लोकर, माझ्या पत्रकांच्या शाईत लोकर. तिला चाळाच लागला: डोळे मिटून तळव्यानं सगळं दाबून बघायचं. सोफा, उशा, रिक्षाची सीट. एकदा एसटीच्या कंडक्टरला तिकीट मागायच्या आधी तिनं सांगितलं, "तुमची भरती डावीकडं बसलीय." तो म्हणाला, "मावशी, आमची भरतीच बंद हाय."

शेवटची चाचणी आमच्या हॉलमध्ये झाली. जन्मभर "मालक आमच्या पाठीवर बसलेत" अशा घोषणा देणारे माझे बाबा चारी हातापायांवर उभे राहिले. त्यांच्या पाठीवर खोगीर, त्यावर जीन, त्यावर मी.

"कुठं टोचतंय का रे?"

"उजवीकडं जरा टोचतंय, अक्का."

"जन्मभर डावीकडं झुकलास, उजवीकडं टोचणारच," आत्या म्हणाली. पण तिनं शिवण उसवली, उजवीकडची लोकर काढली, पुन्हा भरली. शेवटी बाबा म्हणाले, "आता पोरगी बसलीय का उतरली तेच कळंना." आत्यानं दोरा दातानं तोडला.

सीझनची पहिली वरात नवी पेठेतून निघाली. नवरदेव चांगला भरदार. चांदणीनं जीन बघून कान मागं टाकले. आत्यानं खोगीर आधी तिला हुंगू दिलं, मग पाठीवर नुसतं ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. लाथ आली नाही. तंग आवळला गेला आणि बँड वाजायला लागला. आत्या ठेवणीतली इरकल नेसून सगळी वाट घोडीच्या खांद्याशी चालत होती. नवरदेवाकडं तिनं एकदाही बघितलं नाही. एका पाहुणीनं सरबताचा पेला पुढं करून विचारलं, "तुम्ही मुलाकडच्या का मुलीकडच्या?"

"घोडीकडची," आत्या म्हणाली आणि सरबत घेतलं.

सोलापुरात कुणाचंही लग्न असलं तरी अर्ध्या गावाला आवतण असतं. मांडवाच्या दारात फेटा बांधलेले मुख्याध्यापक उभे होते. "अरे, बाई? तुम्ही इथं? सध्या काय करता?"

"खोगीरभरती, सर."

सरांना आठवलं की नाही कोण जाणे, पण त्यांचं हसू अर्ध्यावर थांबलं. "थांबा की सर, दाखवते," असं म्हणून तिनं नवरदेवाचा पाय पुरता जमिनीला टेकायच्या आत तंग सोडायला घेतला. चाचा रिक्षानं आधीच येऊन थांबले होते. खोगीर उचललं. चांदणीची पाठ घामानं भिजली होती. चाचांनी तळवा ठेवला आणि मानेच्या बुडापासून सावकाश मागं नेला. इस्माईलनं लगाम धरून ठेवला होता. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवून घाम पुसायला घेतला. जुन्या जखमेशी चाचांचा हात थांबला, परत फिरला, पुन्हा थांबला.

"पसीना बराबर है," चाचा म्हणाले.

ज्यांना कळत नाही त्यांना यात काय एवढं असं वाटेल. सरांनाही वाटलं. म्हणून आत्यानं त्यांचा हात धरून त्या ओल्या पाठीवर ठेवला. "बघा, सगळीकडं सारखी ओली आहे. कुठं टोचलं असतं, दाबलं असतं, तर तेवढी जागा कोरडी राहिली असती. वर बसणाऱ्याचं ओझं खालच्याच्या हाडाला लागू नये म्हणून मधे जे भरतात ना सर, त्याला खोगीरभरती म्हणतात. पुढच्या सभेत सांगा." सर "छान, छान" म्हणत हात पुसायला रुमाल शोधू लागले, आणि चांदणीनं त्यांच्या फेट्याचा शेमला शांतपणे तोंडात धरला. तो सोडवताना फेटा निम्मा उलगडला. वरातीमागून आलेल्या बाबांनी सवयीनं "झिंदाबाद" म्हटलं, आणि बँडवाल्यांनी ते मनावर घेऊन पुन्हा वाजवायला सुरुवात केली. इस्माईल कुणाकडंच बघत नव्हता. तो चांदणीच्या मानेत तोंड खुपसून उभा होता. घोडी बाजारात गेली नाही.

त्यानंतर आत्याची खोगिरं विजापूरपर्यंत गेली. अक्कलकोटचे घोडीवाले येऊन कानडीत घासाघीस करतात, आत्या मराठीत नाही म्हणते, आणि दोघांना सगळं समजतं. चाचांना आता सुईत दोरा ओवता येत नाही. ते दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्याला "ऐसी जीन पूरे मुल्क में नै" म्हणतात. बोट कुणाच्या जिनीकडं आहे, ते मात्र मुद्दाम नीट दाखवत नाहीत.

वराती आता उघड्या गाडीतून निघतात. चांदणी म्हातारी झाली. इस्माईल रिक्षा चालवतो, पण घोडी त्यानं दारात ठेवलीय. आत्या अधूनमधून गूळ घेऊन तिच्याकडं जाते. परवा मीही गेले होते. गूळ संपल्यावर आत्यानं तिच्या मोकळ्या पाठीवर तळवा टेकला आणि डोळे मिटले.

"काय बघालीस गं, आत्या?"

"भरती दबली का बघते."

पाठीवर ना जीन होती ना खोगीर. पांढऱ्या अंगावर जखमेच्या जागीही पांढरेच केस आलेत. जखम कुठं होती हे आता इस्माईललासुद्धा दाखवता येत नाही. आत्याचा तळवा मात्र मानेच्या बुडाशी, एका जागी, अजून थांबतो. चांदणीही तेवढ्यापुरती शेपटी हलवायची थांबते.