टायरवरची खडूची रेघ

अण्णा गेले तेव्हा मी गवार मोडत होते. शेजारचा किराणावाला मागच्या दाराने आला आणि म्हणाला, "काकू, जरा दुकानात येता का? अण्णा बोलत नाहीयेत." ते तसेही फारसे बोलत नसत, म्हणून मी हात धुतले, गवार झाकून ठेवली आणि मग गेले. खुर्चीत बसले होते. समोर कुणाच्या तरी स्कूटरचं चाक, बोटांत खडू. डॉक्टर म्हणाले, झोपेत गेल्यासारखे गेले. ते झोपले नव्हते, काम करत होते. पण डॉक्टरांशी कशाला वाद घालायचा... याला आता दीड-दोन महिने झाले.

अण्णा म्हणजे माझा नवरा. धायरीत सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही इथे तेच म्हणते. नाव घ्यायचं तर उखाणा लागतो आणि तो मला लग्नातही नीट आला नव्हता.

भेटायला येणाऱ्यांनी त्यांचं फार कौतुक केलं. मुलाला मोटारसायकलच्या शर्यतीत उतरवणारा बाप, केवढं काळीज, असं एक गृहस्थ म्हणाले. मी त्यांना चहा दिला. पण ते खरं नाही. अण्णा घाबरट होते आणि मी त्यांच्याहून घाबरट. त्या वर्षांत आमच्या दोन खोल्यांत सगळ्यात जास्त जागा भीतीनेच अडवली होती. हे कुणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहिते. मी चौथी शिकलेली आहे, चुकलं तर सोडून द्या.

लग्न झालं तेव्हा अण्णांचं कसबा पेठेत सायकलच्या पंक्चरचं दुकान होतं. सायकली कमी झाल्या, स्कूटर वाढल्या, तेव्हा आम्ही धायरीला आलो. पुढे दुकान, मागे घर. धायरी तेव्हा गावच होतं. मग इमारती आल्या, कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या, आणि आमचा प्रशांत इंजिनिअर होऊन हिंजवडीला नोकरीला लागला. लागल्यावर पहिली गोष्ट त्याने काय केली, तर मोटारसायकल घेतली. दुसरी गोष्ट, ती शर्यतीत घातली. ड्रॅग रेस म्हणतात. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सरळ रस्त्यावर पाव मैल सुसाट सुटायचं. मी विचारलं, "आणि मग?" तो म्हणाला, "मग संपलं." मला तो शब्द आवडला नाही.

अण्णांनी आधी नाही म्हणून पाहिलं. प्रशांत म्हणाला, "तुम्ही शर्यतीचे टायर नाही बसवलेत तर मी दुसरीकडे बसवीन, बाबा." तिथे अण्णा अडकले. दुसऱ्याने बसवलेल्या टायरवर पोरगं सोडायचं, का स्वतः बसवलेल्या? दोन्हीत भीतीच. स्वतःच्या हाताखाली तरी राहील म्हणून त्यांनी हो म्हटलं, आणि मग ट्यूबवाला टायर का ट्यूबलेस, यावर आमच्या घरात महिनाभर जेवणं झाली.

ट्यूबलेस तेव्हा नवा होता. त्यात ट्यूब नसतेच, टायरचा काठ रिमला घट्ट चिकटून हवा धरतो. आमच्या गाडीला तारांचं चाक होतं, तारांच्या भोकांतून हवा जाते, म्हणून ट्यूबलेस घालायचा तर चाकच बदलावं लागलं असतं. प्रशांत म्हणायचा, "आत ट्यूबच नसेल तर फाटणार काय?" अण्णा म्हणायचे, "आणि काठ सुटला तर? सगळी हवा एका दमात जाईल. मग तुझा कॉम्प्युटर हवा भरणार का?" त्यांचा जन्म ट्यूबमध्ये गेलेला. ट्यूब हाताला लागते, पाण्यात धरली की कुठे गळते ते बुडबुड्यांनी सांगते. जे दिसत नाही त्यावर पोरगं कसं बसवायचं, हा त्यांचा प्रश्न. शेवटी ट्यूबच ठरली.

एक गोष्ट मात्र त्यांनाही सलत होती. शर्यतवाले मागच्या चाकात हवा मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे टायर रस्त्याला जास्त चिकटतो. पण हवा कमी असली की जोराच्या झटक्याने टायर रिमवर सरकतो आणि आतल्या ट्यूबलाही ओढतो. ट्यूबचा व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला, तो जाणार कुठे? ट्यूब त्याच्या बुडाशी फाटते. म्हणून अण्णांनी खडूने रिमपासून टायरपर्यंत एक सरळ रेघ मारली. रेघ सरळ तर सगळं ठीक. तुटली तर टायर सरकला.

शर्यत बघायला मी एकदाच गेले. शहराबाहेर लांब, सरळ पट्टी होती. पोळी-भाजीचा डबा मांडीवर घेऊन मी बसले आणि तो उघडलाच नाही. अण्णा सकाळपासून चार वेळा आडोशाला जाऊन आले होते. गाड्या सुटायच्या आधी मागची चाकं धूर होईस्तोवर जागच्या जागी फिरवतात. त्या धुरात प्रशांतचं हेल्मेट दिसेना, तेव्हा मी डब्याचं झाकण दाबून धरलं. मी देवाचं नाव घेतलं नाही. देवाला टायरमधलं काय कळतं? अण्णांकडे बघितलं, तर त्यांचे ओठ पांढरे. पहिली फेरी तो जिंकला, दुसरीही जिंकला. प्रत्येक फेरीनंतर अण्णा उकिडवे बसून रेघ बघायचे. दुसरीनंतर बघून ते उठलेच नाहीत. रिमवरची रेघ एकीकडे आणि टायरवरची बोटभर सरकलेली. व्हॉल्व्ह कलला होता.

प्रशांत गाडीवरून म्हणाला, "बाबा, सरका. शेवटची फेरी आहे."

अण्णांनी खिशातून किल्ली काढून व्हॉल्व्हची पिन फिरवली, बाहेर काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. फुस्स करून चाक बसलं. आजूबाजूची पोरं हसली. एकजण म्हणाला, "काका, नेक्स्ट टाइम घरीच ठेवा याला." प्रशांतचा चेहरा असा झाला की मीच मान खाली घातली. गाडी टेंपोत घालून आणली. वाटेत तो एकदाच बोलला, "तुम्ही घाबरट आहात, बाबा. स्वतःच्या भीतीपायी मला बसवून ठेवलंत." आणि पुढे कितीतरी दिवस बोललाच नाही.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर अण्णांनी टायर खोलला आणि मला हाक मारली. ट्यूब हातात धरून उभे होते. व्हॉल्व्हच्या बुडाशी ती अर्ध्याहून जास्त फाटली होती. उरलेलं रबर माझ्या नखाने तुटलं असतं. 

"अहो, त्याला दाखवा," मी म्हटलं.

"नको."

"का नको? तुम्हाला घाबरट म्हणाला तो."

"खरंच म्हणाला. अगं, हे बघितलं म्हणून तो थांबणार आहे का? नाही. पुढच्या वेळी पट्टीवर हेच डोळ्यांसमोर येईल आणि हात चुकेल. घाबरायला आपण दोघं आहोत की."

हे खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. ट्यूब त्यांनी निवडली होती आणि ती चुकली होती, हे मुलापुढे म्हणवत नव्हतं. माणूस गेला म्हणून मी त्याला धुऊन-पुसून चकचकीत करणार नाही. ती ट्यूब त्यांनी दुकानातल्या मागच्या खिळ्याला अडकवली आणि प्रशांतला एवढंच सांगितलं, "चाक बदल, ट्यूबलेस घाल. तुझं बरोबर होतं." प्रशांतला वाटलं, बाप भांडण मिटवतोय.

पुढे तो ट्यूबलेसवर पळवत राहिला. त्यात ओढली जायला ट्यूब नव्हती, पण अण्णांना आता काठ सुटायची भीती लागली, आणि त्यांची लागली की मलाही लागायचीच. शर्यतीच्या दिवशी फोन वाजला की आम्ही एकमेकांकडे बघायचो, उचलायचं कुणी म्हणून. लग्न होऊन मुलगी झाल्यावर प्रशांतने शर्यत सोडली. आम्ही पेढे वाटले ते नातीचे, असं लोकांना वाटलं. अण्णांची खडूची सवय मात्र गेली नाही. कुणाचंही चाक आलं की रेघ. गिऱ्हाईक विचारायचं, "ही कशाला?" अण्णा म्हणायचे, "शोभेला."

अण्णांचे दिवस झाल्यावर प्रशांत दुकान आवरत होता. खिळ्यावरची ट्यूब काढून म्हणाला, "आई, हे भंगार कशाला ठेवलंय?" मी त्याला सांगितलं. कुठल्या दिवशीची, कुठल्या फेरीनंतरची. तो अण्णांच्या खुर्चीत बसला आणि फाटलेल्या जागेतून बोट घालून बघत राहिला. मग म्हणाला, "तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर थांबला असतास?"

"नाही."

"मग झालं."

नात यंदा कॉलेजला गेली. तिला नवी स्कूटर घेतलीय आणि पोर ती दामटते, अगदी बापासारखी. परवा ती निघाली तेव्हा मी दारात उभी होते. मागच्या चाकाला रिमपासून टायरपर्यंत खडूची रेघ होती, ताजी, जरा थरथरलेली. मी मारली नव्हती. प्रशांत पायरीवर उभा होता, बोटं पँटला पुसत. नात कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली तरी तो आत आला नाही. मी त्याला चहाला हाक मारली नाही. गाडीचा आवाज पूर्ण विरेपर्यंत तिथेच उभं राहायचं असतं... अण्णाही राहायचे.